धुऱ्यावरचा ससा

उमरेडकडचं वावर कोळशाच्या खाणीत गेल्यापासून म्हातारे नानाजी शहराजवळ वाडीला लेक भागीरथा आणि गोदामात काम करणारा जावई यांच्या भाड्याच्या खोलीत राहत होते. “अजून खोदलं कुठं? पेरणीले जाईन,” रोज म्हणत. एका रविवारी भागीरथाचा भाऊ सुखदेव गावाकडून ससा घेऊन आला. भागीरथानं तो आईसारखाच जवसाच्या वाटणात रांधला. पूर्वी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर आई तीन दगडांवर हंडी चढवायची, नानाजी पळसाच्या पानांवर वाटे घालायचे आणि बहीणभाऊ कलेजीसाठी भांडायचे. आज कलेजी पातेल्यातच राहिली. “फासा कुठं लावला होता गा?” नानाजींनी विचारलं. “फासा नाही, बाबा. मशीन धुरा खोदून राहिली, ससे आपसूकच सडकेवर येऊन राहिले.” “आपला धुरा?” “हो.” नानाजी खाली पाहून जेवत राहिले. आपल्याला रडू येईल असं भागीरथाला वाटलं, पण आलं नाही. हात धुतल्यावर नानाजी म्हणाले, “भागीरथे, जावयाले विचारजो, गोदामावर राखणदार पायजे का.”