आइस्क्रीमच्या बदल्यात पायलट

आमचं विमानवाहू जहाज लहानसं, धावपट्टी आखूड. उतरताना हॅगर्टी विमानासकट समुद्रात पडला, तेही तिसऱ्यांदा. सोबतच्या विनाशिकेने त्याला उचललं आणि दिव्याच्या खुणांनी निरोप दिला, "पायलट आमच्याकडे आहे. आइस्क्रीम पाठवा, घेऊन जा." महायुद्धात पॅसिफिकमध्ये हा रिवाजच होता. विनाशिकेवर आइस्क्रीमचं यंत्र नसायचं. आमच्याकडे होतं, आणि ते चालवणारा आचारी मी.

"याच्यापायी आपल्याच पोरांना आइस्क्रीम मिळेनासं झालंय," मी म्हणालो. "कळवा त्यांना, ठेवून घ्या म्हणावं."

कॅप्टनलाही हसू आवरेना. "सकाळी सोडवू. आज झुरू दे त्याला तिकडे."

पहाटे आम्हाला टॉर्पेडो लागला. जहाज बुडालं. तेलकट पाण्यात एका फळीला धरून मी तरंगत होतो, तेवढ्यात विनाशिका जवळ आली. दोराच्या जाळीवरून खाली उतरून कुणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं. हॅगर्टी होता. डोळे रडून लाल झालेले.

"काय ओटिस," तो म्हणाला, "असा रिकाम्या हाताने आलास होय?"