परक्यांची टोपडी

"ठेव ते. आपलं न्हाई ते," तानुबाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातातलं पिवळं टोपडं काढून घेऊन त्यांनी ते देणगीच्या खोक्यात टाकलं.

दर्शनाचा हात तसाच राहिला. तिला सातवा महिना लागला होता. टोपडं तिनं नुसतं गालाला लावून पाहिलं होतं. सुनेत्राच्या हॉलमध्ये बसलेल्या बायकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी बायकांचा हा गट दर शनिवारी जमायचा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी टोपडी आणि पायमोजे विणायचे, खोकं भरलं की हॉस्पिटलला पोचवायचं, एवढंच काम. बाहेर गाडीचं दार उघडताना हात पोळतो आणि तुम्ही आत बसून लोकर विणता, यावर नवरेमंडळींचे विनोद करून झाले होते. पण काचेच्या पेटीतल्या बाळाला बाहेरचं ऊन काय ठाऊक? त्याचं डोकं उबदार राहावं लागतं.

तानुबाई सुनेच्या बाळंतपणासाठी पाटणहून आल्या, आणि या गटाबद्दल कळताच "मला तिकडं घिऊन चल" म्हणून स्वतःच मागे लागल्या. दर्शनाला नवल वाटलं. जन्मात शेजारणीकडे विरजण न मागितलेली बाई, परक्यांच्या घरात पाऊल टाकायला नाखूश. इथे मात्र न चुकता यायच्या, मान खाली घालून विणायच्या. हात असा की एक टाका सैल सापडायचा नाही.

"काकू, तुमचं फिनिशिंग बघून दुकानवाले लाजतील," सुनेत्रा म्हणायची.

घरात मात्र त्यांनी अजून सुईला लोकर लावली नव्हती. पाळण्याचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. परेशनं ऑनलाइन झबली मागवायला घेतली, तर लेकाला म्हणाल्या, "नगं." आधीच्या दोन खेपांना असं नव्हतं. तेव्हा त्यांनी गावाहून कुंची, स्वेटर, मोजे, सगळा साज विणून पाठवला होता. पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं. दुसरं जन्मलं, पण घरी आलं नाही.

दर्शनानं याचा एकच अर्थ लावला होता. सासूबाईंनी आशा सोडली आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हात आहेत, घरच्या जिवासाठी नाहीत, कारण तो टिकणारच नाही असं त्यांनी धरून ठेवलंय. तिला राग येत नव्हता, भीती वाटत होती. इतकी बाळंतपणं पाहिलेली बाई जे धरून चालते, तेच खरं झालं तर?

"खलास, आज हे खोकं बंद," सुनेत्रा चिकटपट्टी घेऊन पुढे झाली.

"आई," दर्शना एकदम बोलली, "जगासाठी इतकी विणलीत, आमच्यासाठी एक नाही. तुम्हाला वाटतच नाही ना, हे बाळ राहील म्हणून?"

तानुबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

"माज्या हातचं दोनदा केलं. दोन्ही बारीला अंगाला लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्यांची पोरं टिकत न्हाईत त्यांनी पुढच्याला घरचं घालायचं नसतं, इकतचं बी न्हाई. मागून आणल्यालं घालायचं. भिकाऱ्याचं पोर हाय म्हणून दैव सोडून देतं."

सुनेत्रानं घाईघाईनं खोक्यातलं पिवळं टोपडं उचललं. "मग हे घ्या ना, काकू."

"ते माजंच की. ते कसं चालंल?" तानुबाईंनी मान हलवली. "मी हितं दान कराय येत नव्हते, बाई. मागायलाच येत हुते. दर येळंला ठरवून यायचं आणि तोंड उघडायचं न्हाई. मग गप विणत बसायचं."

दर्शनाच्या डोळ्यांना धार लागली.

तानुबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दारापाशी चिपळूणची नबिला बसली होती, गटात सगळ्यांत नवखी. विणून झालेलं तिचं पहिलंच टोपडं मांडीवर होतं, एका बाजूला वाकडं. तानुबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माज्या घरी बाळ येणार हाय. त्याला घालायला काय न्हाई. भीक वाढ."