बाबा कुठं जेवतील?

"इथंही नको," गाडीचं दार ओढून घेत खल्फान म्हणाले.

त्यांच्या लेकीनं, अफ्रानं, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हे तिसरं हॉटेल. मागच्या सीटवर तिची तान्ही रौदा झोपली होती, म्हणून ती गाडीतच थांबायची आणि बाबा एकटे आत जाऊन बघून यायचे. नुसतं बघायला इतका वेळ का लागावा, तेच तिला कळत नव्हतं.

"आता इथं काय झालं?"

"इराणी आहे."

"मग?"

"शेजारच्या इराण्यांकडून आयुष्यभर फुकट भात आला. आता त्याचे पैसे मोजायचे?"

त्याआधीच्या लेबनीज हॉटेलात दिवे फार होते. जपान्याकडे मासा कच्चा होता. "असला मासा आम्ही मांजराला टाकायचो," एवढं बोलून ते गाडीत येऊन बसले होते.

एरवी ती हसली असती. आज तिचं लक्ष त्यांच्या मनगटावर होतं. घड्याळ खाली घसरून पार तळहाताशी आलं होतं. आई हिवाळ्यात गेली. त्यानंतर ते कसंबसं जेवत होते. रौदा झाली आणि तेही सुटलं. घरकाम करणारी रोझाली रोज फोनवर सांगायची, मॅडम, ताट झाकलेलं तसंच परत आलं. कॉफी आणि खजूर, बस्स. नातीकडे बघून आईची आठवण जास्त येत असेल, असं अफ्राला वाटायचं. म्हणून तर आज तिनं ठरवलं होतं, घरात घास उतरत नसेल तर बाहेर उतरवायचा. दोन घास का होईना, त्यांना जेवताना डोळ्यांनी बघायचं, मगच घरी सोडायचं.

"बाबा, या दुबईत अख्ख्या जगाचं जेवण मिळतं. तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"तेच शोधतोय," ते म्हणाले. "सतव्याला घे."

सतव्याच्या गल्लीतलं कॅफेटेरिया म्हणजे एक खिडकी आणि चार टेबलं. तिथं गाडीतून कुणी उतरत नाही. हॉर्न द्यायचा, माणूस बाहेर येतो, चहा-पराठा काचेतून हातात. बाबा तर जन्मात कधी उतरले नव्हते. अफ्रानं हॉर्नवर हात नेला.

"हॉर्न नको. मीच जातो."

"इथं? अहो, इथं कोण आत जातं?"

पण ते गेलेही. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, पुढच्या निघून जात होत्या. बाबा येईनात. रिकाम्या पोटी चक्कर आली असेल. आत पडले असतील आणि कुणाला नंबर माहीत नसेल. तिनं रौदाला उचलून खांद्याशी धरलं आणि जवळजवळ पळतच आत शिरली.

आतून बाबांचा आवाज आला. "मंद! अरे आच मंद ठेव, कुट्टी! तुला काय सिमेंट करायचंय?"

शेगडीपाशी बाबा उभे होते. डोक्याचं फडकं खांद्यावर, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. शेजारी केरळी आचारी घामाघूम होऊन पातेलं ढवळत होता.

"मॅडम, यांना बाहेर न्या," तो म्हणाला. "मी वीस वर्षं पराठे करतोय. इतक्या शिव्या बायकोनंसुद्धा दिल्या नाहीत."

तुपाचा वास आला. त्याच्यामागून आणखी एक वास आला आणि अफ्राचे पाय जागीच थांबले. अळीव. अळिवाची लापशी, त्यात फोडलेली अंडी, वर तूप. लेक बाळंत झाली की चाळीस दिवस आईच्या घरी राहते आणि आई तिला हेच खाऊ घालते. अफ्रा माहेरी गेलीच नव्हती. आई नाही, त्यात तान्ह्या पोरीचं रडणं. बाबांना त्रास नको, म्हणून ती आपल्या फ्लॅटवरच राहिली.

"लेबनीज म्हणाला, हे पाखरांचं खाणं आहे," एका हातानं खिशातली अळिवाची पुडी दाखवत, दुसऱ्यानं वाटी पुढे करत बाबा म्हणाले. "जपानी नुसताच वाकला. घरी रोझालीला सांगून पाहिलं, तिनं खळ केली."

"मावशीला सांगायचं ना."

"म्हणजे तिनं गावभर केलं असतं, खल्फानला लेकीचं बाळंतपण जमत नाही. दे ती पोर इकडे. खा तू."

लापशीत गुठळ्या होत्या. अंडं एकीकडे कच्चं राहिलं होतं. आईच्या हातची सर कुठेच नव्हती. अफ्रा उभ्यानंच खायला लागली. मग कुट्टीनं पायानं एक स्टूल सरकवलं, त्यावर बसून खाऊ लागली. किती दिवसांत आपण असे बसून जेवलो नाही, ते तिला आत्ता आठवत होतं. बाबा रौदाला थोपटत तिच्याकडे बघत होते. चमचा तळाला लागल्यावर ते वळले.

"कुट्टी, एक पराठा टाक. थांब, दोन टाक."

पहिला पराठा त्यांनी फुंकरही न मारता तोंडात घातला. अफ्रा बघतच राहिली.

"बाबा, इतकी भूक होती तर घरी का जेवत नव्हता?"

"तुझ्या आईचा नियम," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "बाळंतीण जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. मी रोज फोनवर विचारतो, जेवलीस का? तू म्हणतेस, माझं सोडा. मग मी कसा जेवणार, पोरी?"