खालची खोली

"बघा, आता निजवून ऐकतायत तिला!" शारदाबाई शेजारणीच्या कानाशी फणकारल्या. धाकट्या जावेची ही जुनीच खोड. जाईल तिथं चार माणसांचं लक्ष आपल्याकडं ओढायचं.

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत मराठी समाजाच्या हॉलमध्ये हृदयतपासणी चालली होती. हळदीकुंकवापासून पंगतीतल्या पहिल्या वाढपापर्यंत सगळं आधी थोरलीला, हा घरचा शिरस्ता. म्हणून डॉक्टरीणबाईंपुढंही शारदाबाईच आधी बसल्या. डॉक्टर मेघाश्रीनं छातीला नळी लावली न लावली, "सरी अक्का, ठीक आहे, उठा," म्हणून मोकळी झाली. आणि धाकटी संध्या? तिला डाव्या कुशीवर निजवलं. श्वास रोखून धरायला लावला. वर आणखी दोघा डॉक्टरांना हाका मारल्या. तिघं आळीपाळीनं ऐकत होते, जसं काही आत भजन रंगलंय!

घरीही हेच. जिना चढताना मधेच थांबायचं, कठडा धरून धापा टाकायच्या. गेल्या महिन्यात तर बाईनं खालची खोली मागितली. थोरलीची खोली! शारदाबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "नखरे करायचे ते वर जाऊन कर."

त्या तरातरा पुढं गेल्या.

"माझ्या छातीत काय खडे भरलेत? मलाही ऐक की गं नीट!"

मेघाश्री हसली. तिनं नळी शारदाबाईंच्याच कानांत अडकवली आणि आधी त्यांचे स्वतःचे ठोके ऐकवले. गोंधळातल्या संबळासारखे, ठणठणीत.

"तुमचं चोख आहे अक्का. म्हणून तर लवकर सोडलं. आता हे ऐका."

संध्याच्या छातीत दोन ठोक्यांच्या मधे घरघर होती. दाणे संपलेलं जातं फिरत राहावं तशी.

"लहानपणी सांधे धरून ताप आला असणार. आतली झडप आवळलीय, रक्ताला वाट पुरत नाही. उपाय आहे, पण आता उशीर नको. जिना चढताना दम लागतो का हो?"

"स्वल्प," संध्या पुटपुटली. थोरल्या जावेकडं तिनं बघितलं नाही.

शारदाबाईंनी कानातली नळी काढली. संध्याचा घसरलेला पदर तिच्या खांद्यावर ओढला.

"ऊठ. आजपासून खालची खोली तुझी. आणि कान उघडून ऐक, आपल्या घरात सगळं आधी थोरलीचं. देवाघरी जायचा मानसुद्धा!"