मुलाकडची माहिती

"शेती किती आहे?" शुभांगीनं पहिलाच प्रश्न विचारला आणि आत पोहे परतणाऱ्या कमलबाईचा हात थांबला.

ओसरीवर बसलेली ही पोरगी आणि तिच्याबरोबरचे चष्मेवाले सर पुण्याहून आले होते, एवढंच तिला ठाऊक होतं. कशासाठी आलो ते त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं; पण ते बब्रुवानला, म्हणजे तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. म्हणजे न सांगितल्यासारखंच. मात्र शेती किती हे आधी कोण विचारतं, ते कमलबाईला पक्कं माहीत होतं. मुलीकडचे विचारतात.

"हाय दीड-दोन एकर," बब्रुवान म्हणाला. "असून नसल्यासारखी. नुसता मुरूम."

दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी अशा सगळ्या पाहण्यांमधून बब्रुवान गेला होता. समोरच्याच्या हातात कागद किंवा टॅब दिसला की त्याची जमीन आपोआप आक्रसायची आणि विहीर आटायची.

"पाण्याची सोय?"

"विहीर कोरडीठाक. बोअरमधून नुसता फुफाटा निघतोय."

कमलबाई पदर सावरत बाहेर आली. "अवो, काय बी काय सांगताय? पाच एकर हाय, मॅडम. काळीभोर. भर उन्हाळ्यात दोन मोटारी चालतात." मग तिनं मागं वळून हाक मारली, "योगीराज, तो निळा शर्ट घाल अन् भाईर ये."

निळा शर्ट फक्त पाव्हण्यांसाठी होता. बरीच वर्षं झाली तरी त्याची कॉलर नव्यासारखी होती. योगीराज मात्र चौतीस वर्षांचा झाला होता. नाव ठेवलं तेव्हा पोरगं ते इतकं मनावर घेईल, असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. तो आला, सतरंजीच्या कडेला बसला आणि हातांचं काय करावं ते न कळून ते गुडघ्यांवर ठेवून दिले.

शुभांगी विचारत गेली. घरात माणसं किती, संडास आहे का, गॅस आहे का, मुलगा वेगळा राहणार की एकत्र. कमलबाईला हे सगळे प्रश्न पाठ होते. बब्रुवान एक सांगायचा, ती दुसरं सांगायची. एकाच घरात गॅस होताही आणि नव्हताही. व्यसनापाशी तेवढं दोघांचं एकमत झालं.

"सुपारीसुद्धा खात न्हाय पोरगं," बब्रुवान म्हणाला आणि स्वतःची तंबाखू त्यानं दुसऱ्या गालात सरकवली.

शेवटी सरांनी चष्मा काढला. त्यांचं नाव उत्कर्ष; या विषयातले तज्ज्ञ होते, टीव्हीवरच्या चर्चेत बोलायचे; शुभांगी त्यांच्याकडे पीएचडी करत होती. "काका, काकू, ही मदतीची पाहणी नाही. आणि स्थळ तर नाहीच नाही. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं का जमत नाहीत, त्याची कारणं आम्ही शोधतोय."

"असं व्हय," बब्रुवान मोकळा झाला. "मग पाचच एकर लिवा."

कमलबाई खाली बसली. मग तिनं विचारलं, "सापडली का?"

"कारणं बरीच आहेत. काही सामाजिक, काही आर्थिक..."

"आमाला एक बी कुणी सांगून न्हाय गेलं. पोहे तेवढे खाऊन जातात."

"काकू, तुम्हाला मुलगी आहे का?" शुभांगीनं विचारलं.

"हाय की. शिवांजली. तुमच्या पुण्यातच दिलीय. जावई कंपनीत हाय."

"तिच्यासाठी शेतकरी मुलगा नाही पाहिला?"

"आलते की दोघं-चौघं. पण उन्हातान्हात राबायला का पोरीला वाढवली? अन् जावयाला बी शेती हाय, तीन एकर. त्याबिगर दिली असती का? फक्त त्याला ती करावी लागत न्हाय."

बोलून झालं, आणि मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं.

योगीराजनं पहिल्यांदाच मान वर केली. "लिवा, मॅडम," तो म्हणाला, अगदी गोडीत. "गावलं एक कारण."

बब्रुवान हसला. सरही हसले. कमलबाई पोहे आणायला आत गेली. त्या दिवशी मूठभर कोथिंबीर चिरायला तिला फार वेळ लागला.

पोहे झाले, चहा झाला. सरांनी पोह्यांची तारीफ केली. निघताना शुभांगी योगीराजला म्हणाली, "थँक यू, दादा," आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. गाडी तामलवाडीच्या वेशीतून बाहेर पडून सोलापूरच्या रस्त्याला लागली. योगीराज न्हाणीपाशी जाऊन शर्टाची बटणं सोडू लागला.

शेजारची हरणाबाई गाडी आल्यापासून कुंपणाशी उभी राहून शेळीला एकच डहाळी चारत होती.

"कुठले वो पाव्हणे, कमलबाई?"

"पुण्याचे."

"पोरीला बी संगंच आणलं व्हतं? आता तसंच निघालंय म्हनं. पोरगीच येती बघायला."

कमलबाईनं पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या एकात एक घातल्या.

"शिकल्याली दिसती."

"लई. अजून शिकायलीच हाय."

हरणाबाईच्या हातातली डहाळी वरच राहिली. शेळी मान ताणून वाट बघू लागली. "मग? काय म्हणाले?"

कमलबाईनं न्हाणीकडं बघितलं. योगीराजचा हात बटणावर थांबला होता.

"ते काय म्हणत्यात?" कपबश्या उचलता उचलता ती म्हणाली. "आमीच म्हणलं, कळवतो."