उजवी बाही

गारखेड्यातल्या फॅशन कॉलेजात तोंडी परीक्षेला रईसानं नानीची जुनी हिमरू कापडाची कुर्ती नेली. डावी बाही मनगटापर्यंत होती, उजवी कोपरापाशीच शिवून बंद केलेली.

मॅडम हरखल्या. "वेलबुट्टी इराणी आणि बाही पोर्तुगीज! तीनशे वर्षांपूर्वीच्या बायकांची हिंमत बघ."

"मॅडम, ही माझ्या नानीची आहे. तिचा उजवा हात..."

"पास व्हायचंय ना? मग बाहीवर प्रभाव कुणाचा, तेवढं सांग."

"पोर्तुगीजांचा, मॅडम."

रईसा पहिली आली. गॅदरिंगला वीस पोरी तसल्याच कुर्त्या घालून, उजवा हात आत दुमडून स्टेजवर चालल्या. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसवलेली नानी रईसाच्या कानाला लागली.

"बेटी, या समद्या पोरींचे हात बी जिनिंग मिलच्या पट्ट्यातच गेले का?"