दार उघडा ना

"तेवढे तीन शब्द काढून टाका," रेकॉर्डिस्टने तिसऱ्यांदा सांगितलं.

रिमिक्सवाला दाढी खाजवत हसला. "काका, त्याच तीन शब्दांवर तर लोक नाचताहेत."

खोटं नव्हतं. तीस वर्षं जे गाणं कुणाच्या गावीही नव्हतं, ते महिन्याभरात पोरासोरांच्या तोंडी बसलं होतं. गाणारी, म्हणजे रेकॉर्डिस्टची बायको, हे बघायला नव्हती. त्यातही गाणं राहिलं बाजूला. ठेक्यावर पुन्हा पुन्हा यायचं ते तिचं दमलेलं 'दार उघडा ना'. लोकांना त्यात लाडीगोडी ऐकू यायची.

गाण्यात ते शब्द नव्हतेच. जाड दाराच्या, बाहेरूनच उघडणाऱ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शेवटचं कडवं गाताना तिला दम्याने गाठलं. रेकॉर्डिस्ट औषध आणायला खाली गेला आणि तेवढ्यात घात झाला, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

टेपमधून ते शब्द त्याने तेव्हाच कापले होते. पण पहिलं मशीन दगा देईल म्हणून दुसरंही चालू ठेवायचं, हा नियम त्याचाच. ती दुसरी टेप कंपनीच्या कपाटात पडून राहिली आणि नेमकी या दाढीवाल्याच्या हाती लागली. आपलेच दात आपलेच ओठ, बोंबलणार कुणाच्या नावाने?

"हक्क कंपनीचे आहेत, काका. माझ्या हातात काही नाही."

त्याच्या तरी हातात काय होतं? तो घरी आला.

लेक जेवायची थांबली होती. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने ताट वाढलं आणि हळूच विचारलं, "बाबा, ते गाण्यातलं नाही ना? आई खरंच हाका मारत होती?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

लेकीने डोळे पुसले. मग त्याच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही खाली होतात. तुमचा काय दोष?"

हेच बोलून या पोरीने त्याला आजवर सावरलं होतं. ती दुरावली असती, तर त्याचं म्हणावं असं कुणीच उरलं नसतं.

"तू ते गाणं ऐकत जाऊ नकोस."

"असं कसं? आईचा आवाज आहे. आज तर कंपनीने अख्खी टेप नेटवर टाकलीय, काहीही न कापता."

"बंद कर तो फोन."

"बाबा, एकदाच."

तो उठेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. शेवटच्या कडव्यात आवाज चिरकला. खोकल्याची उबळ आली. मग ते तीन शब्द, एकदा, दोनदा. लेकीने त्याचा हात घट्ट धरला.

आणि फोनमधून रेकॉर्डिस्टचा तरुणपणीचा, चिडका आवाज आला, "आधी कडवं पुरं कर, मग उघडतो."